माती उपाशी ठेवण्याचे शास्त्र

बागकामाविषयी मराठीत आजवर जे काही लिहिले गेले, व्याख्यानांतून सांगितले गेले आणि शेजारच्या गच्चीतील कुंडीकडे पाहून न विचारता सुचवले गेले, त्या सर्वांचे एका मुद्द्यावर संपूर्ण एकमत आहे, आणि तो मुद्दा म्हणजे मातीला खाऊ घातले पाहिजे. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, आंबलेले ताक, तांदळाचे धुवण, अंड्यांची टरफले, केळीच्या सालींचे पाणी आणि गाळणीतला चहाचा चोथा असे घरातील जे जे माणसाच्या पोटात जाऊ शकले नाही, ते ते कुंडीच्या पोटात ढकलण्याची परंपरा इतकी दृढ आहे की, मातीला काहीही न घालणारा मनुष्य आळशी तरी असावा किंवा भाडेकरू तरी, असा समज सर्वत्र आढळतो. या सुखी एकमतात रानफुलांची बाग हा प्रकार अचानक येऊन बसतो आणि सगळी घडी विस्कटते. रानफुले म्हणजे कोणी न पेरता आणि न शिंपता माळावर, कड्यावर वा कातळावर आपापल्या ऋतूत उगवणाऱ्या स्थानिक वनस्पतींची फुले होत; आणि या वनस्पतींपैकी बहुतेकींना सुपीक जमीन मुळीच मानवत नाही. त्यांच्यासाठी माती तयार करणे याचा अर्थ, पिढ्यान्‌पिढ्या जिला सकस करण्यासाठी घाम गाळला त्या मातीला पद्धतशीरपणे निकस करणे असा होतो, आणि पंगतीत पाहुण्याच्या नको नको म्हणणाऱ्या हातावरून जिलबी वाढण्यात ज्याची हयात गेली, त्या गृहस्थाला हे शास्त्र शिकवणे किती अवघड असेल याची कल्पना सहज करता येते.

सुपीकतेचा आणि फुलांचा हा वैरभाव वरवर पाहता विचित्र वाटला तरी त्यामागील कारण सरळ आहे. वनस्पतींना लागणाऱ्या अन्नद्रव्यांत नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन मुख्य मानली जातात. पैकी नत्राने पाने व खोड वाढते, स्फुरद मुळांच्या व फुलाफळांच्या कामी येते, तर पालाश एकूण प्रकृती सांभाळते. ही तिन्ही मुबलक मिळाली की त्यांचा लाभ सर्व वनस्पतींना सारखा होत नाही, कारण काही जाती मिळालेल्या अन्नाचे झटपट उंचीत रूपांतर करतात आणि उरलेल्या जातींच्या डोक्यावर सावली धरतात. यांत उंच गवते आणि चिवट तणे आघाडीवर असतात. वितीएवढी सोनकी किंवा त्याहूनही ठेंगणी आभाळी अशा सावलीत फार दिवस काढू शकत नाही. याउलट जेथे अन्नच नाही तेथे कोणालाच माजता येत नाही, सगळेच बेताने वाढतात आणि म्हणून पुष्कळ जाती शेजारी शेजारी नांदतात. गरिबीत एकोपा आणि सुबत्तेत भाऊबंदकी हा नियम मराठी कौटुंबिक कादंबऱ्यांना जुना असला, तरी वनस्पतिशास्त्रातही तो लागू पडतो हे बागवानांच्या सहसा ध्यानात येत नाही.

या गरिबीचे सर्वांत ऐश्वर्यसंपन्न उदाहरण साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंचीवर पसरलेले आहे, आणि ते म्हणजे कासचे पठार. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत या पठाराचा समावेश असल्याने श्रावण-भाद्रपदात तेथे फुले अधिक की मोटारी अधिक असा प्रश्न पडण्याइतकी गर्दी होते. या गर्दीतील जवळजवळ प्रत्येकाची नजर फुलांवर असते आणि पायाखालच्या जमिनीकडे मात्र घसरून पडेपर्यंत कोणाचेच लक्ष जात नाही. ही जमीन बेसाल्टच्या खडकावर चढलेल्या जांभ्याच्या कवचाची आहे. जांभा हा खडक, मूळ खडकातील सिलिका, चुना आणि इतर विद्राव्य द्रव्ये लक्षावधी वर्षांच्या पावसाने धुऊन गेल्यावर मागे राहिलेल्या लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा बनलेला असतो. म्हणजे त्यातील खाण्यासारखे सगळे निघून जाऊन केवळ गंज उरलेला असतो असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. त्यावर साचलेली माती काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढीही खोल नाही, तिचा सामू म्हणजे आम्लता-विम्लता दर्शवणारा अंक आम्ल बाजूला झुकलेला असतो, आणि जो काही थोडाफार स्फुरद तिच्यात असतो त्यालाही लोह घट्ट धरून ठेवते. त्यातच चार महिने ही जमीन पाण्याखाली आणि उरलेले आठ महिने तव्यावर असते.

कोणत्याही कृषी सहाय्यकाने ही जमीन पाहून शेतकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून सांत्वनाचे दोन शब्द बोलले असते. तरीही तेथे तेरडा, सोनकी, गेंद, कवला, जांभळी मंजिरी आणि वायतुरा यांचे गालिचे उलगडतात, आणि ते या दारिद्र्यामुळेच. दवबिंदू आणि सीतेची आसवे या दोन वनस्पतींनी तर टंचाईवर फारच टोकाचा उपाय योजला आहे. पहिली आपल्या पानांवरील चिकट केसांनी कीटक पकडते, दुसरी पाण्यातील सूक्ष्म जीवांना आपल्या इवल्या पिशव्यांत ओढून घेते, आणि अशा रीतीने मातीत न मिळणारे नत्र त्या प्राण्यांच्या शरीरातून वसूल करतात. ज्या जमिनीत राहून वनस्पतींवर मांसाहाराची पाळी आली, त्या जमिनीची नक्कल करण्याची हौस शहरातील बागप्रेमींना व्हावी आणि ती हौस पुरवण्यासाठी त्यांनी सर्वप्रथम दोन ट्रॉली शेणखत मागवावे, यात विनोद कोणाचा होतो हे ठरवणे कठीण नाही.

कासहून परतणाऱ्या पर्यटकांपैकी काही जण एखादे रोप किंवा पिशवीभर माती बरोबर आणून हा प्रश्न सोडवू पाहतात. राखीव वनातून अशी कोणतीही वस्तू उचलणे भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा ठरते, ही बाब बाजूला ठेवली तरी त्या पिशवीत पठार येत नाही. आमरी, म्हणजे ऑर्किड, या वर्गातील वनस्पतींचे बी धुळीच्या कणाएवढे असून त्यात अंकुरासाठी शिदोरी नसते, त्यामुळे ते रुजण्यासाठी मातीतील विशिष्ट कवकाची, अर्थात बुरशीची, साथ लागते. अनेक इतर वनस्पतींच्या मुळांशीही अशा कवकांची भागीदारी असते आणि तिला कवकमूल म्हणतात. ही भागीदारी त्या जागेच्या ओलाव्याशी, उन्हाशी आणि उपासमारीशी जुळलेली असते. चौथ्या मजल्यावरील गच्चीत, ठिबकच्या नळीखाली आणि दर रविवारी पाजल्या जाणाऱ्या जीवामृताच्या सान्निध्यात तिचा निभाव लागणे अशक्य होय.

सुपीकता फुलांना मारते याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र सह्याद्रीत सापडलेला नाही. तो इंग्लंडमधील हार्टफर्डशायर परगण्यात, रॉथमस्टेड येथे सापडला, आणि तो शोधून काढणाऱ्या गृहस्थाचा व्यवसाय पाहता त्याला विनोदी साहित्यातच स्थान मिळायला हवे होते. सर जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ साली सुपर फॉस्फेट या रासायनिक खताचे एकस्व मिळवले, म्हणजे स्फुरदयुक्त पदार्थावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून तो पिकांना शोषता येईल असा करण्याच्या कृतीवर सरकारी हक्क घेतला, आणि खताचा कारखाना काढून उत्तम पैसा मिळवला. त्याच पैशातून त्यांनी आपल्या वडिलोपार्जित जमिनीवर प्रयोग सुरू केले आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला सोबत घेऊन १८५६ मध्ये एका जुन्या गवताळ कुरणाचे तुकडे पाडले. काही तुकड्यांना नत्र, काहींना स्फुरद-पालाश, काहींना सर्व काही, आणि काहींना काहीच नाही अशी व्यवस्था होती. हेतू साधा होता: कोणत्या खताने जनावरांचा चारा अधिक निघतो हे पाहणे.

चारा अधिक निघाला. पण दोनतीन वर्षांतच त्या कुरणाचे तुकडे एकमेकांपासून इतके वेगळे दिसू लागले की पाहणाऱ्याला वाटावे, येथे वेगवेगळी खते घातलेली नसून वेगवेगळे बियाणेच पेरले आहे. पार्क ग्रास या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग आजही चालू असून, ज्या तुकड्यांना १८५६ पासून काहीही मिळालेले नाही तेथे सुमारे ४० जातींच्या वनस्पती सुखाने राहतात, तर अमोनियम सल्फेटचा भरपूर मारा झालेल्या आणि चुना न दिलेल्या तुकड्यांत जेमतेम दोनतीन जाती उरल्या आहेत. खतामुळे फुले नाहीशी होतात हे सिद्ध करण्यासाठी इतका दीर्घ, इतका काटेकोर आणि इतका खर्चिक पुरावा उभा करणारा मनुष्य स्वतः खताचा कारखानदार असावा, याला तोड नाही. त्याच्या निष्कर्षांकडे त्याच्या देशाने मात्र सोयीस्करपणे अर्धेच लक्ष दिले, चाऱ्याचा अर्धा भाग उचलला आणि फुलांचा भाग सोडून दिला. परिणामी १९३० च्या दशकापासून पुढील अर्धशतकात इंग्लंड व वेल्समधील फुलांनी भरलेली जुनी कुरणे सुमारे ९७ टक्के नष्ट झाली. आज तेथील हौशी बागवान भाड्याने यंत्र आणून बागेतील वरची सुपीक माती खरवडून काढतात आणि खालच्या निकस थरावर बी पेरतात. पणजोबांनी विकत घेतलेली सुपीकता पणतू पैसे देऊन उचलून नेण्यास सांगतो, असा हा व्यवहार आहे.

हा व्यवहार महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत मांडणे ही निराळ्याच धैर्याची गोष्ट होय. संकुलाच्या मागील बाजूस रानफुलांचा वाफा करावा, या ठरावाला सहसा विरोध होत नाही, कारण वाफा, फुले आणि मागील बाजू हे तिन्ही शब्द निरुपद्रवी आहेत. अडचण खर्चाच्या तपशिलापाशी येते. तीन वर्षांपूर्वी ज्या समितीने ब्रासला, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाला, अमुक दराने पोयटा माती विकत आणून पसरली, त्याच समितीने आता ती माती उचलून नेण्यासाठी डंपरचे भाडे मंजूर करावे आणि तिच्या जागी मुरूम मागवावा, ही सूचना ऐकल्यावर लेखापरीक्षणाची मागणी होते. मुरूम म्हणजे बेसाल्टचा झिजलेला, खडीसारखा भुसभुशीत थर, आणि तो इमारतीच्या पायाभरणीच्या वेळी तेथे विपुल होता, हे जुन्या सभासदांना चांगले आठवते. बांधकाम व्यावसायिकाने तो झाकून त्यावर हिरवळ अंथरली आणि माहितीपत्रकात तिची छायाचित्रे छापली. हिरवळीखाली रानफुलांची जमीन आयती तयार होती याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

येथे मातीच्या परीक्षणाचा विचार करणे आवश्यक ठरते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये मिळून १२ घटकांची नोंद असते, आणि कोणत्या पिकासाठी काय किती घालावे याची शिफारस असते. काय किती काढावे याचा रकाना तीत नाही. त्यामुळे ज्या अहवालात नत्र अत्यल्प, स्फुरद अत्यल्प आणि सेंद्रिय कर्ब अत्यल्प अशा तांबड्या शाईच्या ओळी एकाखाली एक येतात आणि शेतकऱ्याचा चेहरा उतरत जातो, तोच अहवाल रानफुलांच्या अभ्यासकाने चौकट करून दिवाणखान्यात लावण्याजोगा असतो. स्फुरद मोजण्यासाठी ऑल्सेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये सुचवलेली पद्धत जगभर वापरली जाते. तिच्या आधारे ब्रिटिश सल्लागार लिटरमागे १५ मिलिग्रॅमपर्यंतचा स्फुरद फुलांच्या कुरणासाठी योग्य मानतात आणि त्यापुढील आकड्याला चिंतेचा विषय समजतात. स्फुरदाची एवढी धास्ती असण्याचे कारण असे की, नत्र पावसाबरोबर वाहून जाते, स्फुरद मात्र मातीच्या कणांना चिकटून दशकानुदशके ठाण मांडतो. आजोबांनी गुलाबाच्या आळ्यात मायेने घातलेले सुपर फॉस्फेट नातीच्या सोनकीला नडते, आणि दोघांपैकी कोणालाही दोष देता येत नाही.

नत्र कमी करण्याचा एक उपाय प्रायोगिक आहे आणि महाराष्ट्राला तो विशेष जवळचा वाटावा. मातीत साखर किंवा लाकडाचा भुसा मिसळला की, मातीतील सूक्ष्म जीवांना कर्बाची मेजवानी मिळून त्यांची संख्या वाढते आणि त्या वाढीसाठी ते आजूबाजूचे नत्र स्वतःच गिळून टाकतात, परिणामी तणांच्या वाट्याला काही उरत नाही. अमेरिकेतील गवताळ प्रदेशांच्या पुनरुज्जीवनासाठी संशोधकांनी हा मार्ग खरोखर अवलंबून पाहिला आहे. त्याचा परिणाम तात्पुरता असतो, कारण ते जीव मेले की नत्र परत येते. पण साखर कारखान्यांच्या परिसरात, जेथे साखरेचे काय करावे हा प्रश्न काही हंगामांत निर्माण होतो, तेथे मातीला उपाशी ठेवण्यासाठी तिला साखर चारण्याचा हा प्रस्ताव निदान वार्षिक सभेत तरी वाचून दाखवण्यास हरकत नसावी.

मातीचा प्रकार हाही एक वादाचा विषय आहे. शेतकरी जमिनीची हलकी, मध्यम आणि भारी अशी वर्गवारी करतो. हलकी म्हणजे उथळ, मुरमाड आणि पाणी न धरणारी, भारी म्हणजे खोल, काळी आणि चिकट. भारी काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज असते. ते पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जमिनीला मुलांचा पाय अडकेल एवढ्या भेगा पाडते. तिचा सामू साधारण ७.५ ते ८.५ असल्यामुळे जांभ्यावरील आम्लप्रिय मंडळींना ती मानवणे अवघड असते. तेव्हा पुण्याच्या काळ्या मातीत कास उगवण्याचा आग्रह सोडून, बेसाल्टच्या टेकड्यांवर सहज दिसणारी कुर्डू, रानतीळ, सोनकी, कवला अशी मंडळी निवडावी आणि त्यांच्यासाठी मुरूम, थोडी क्रश सँड व अगदी चवीपुरती माती असा थर द्यावा, हे अधिक शहाणपणाचे. इमारतीच्या दुरुस्तीतून निघालेला राडारोडाही निकस असतो आणि युरोपात बारीक केलेल्या काँक्रीटवर फुलांच्या बागा केल्या गेल्या आहेत; पण त्यातील चुन्यामुळे सामू वाढतो, म्हणून जांभ्याचे स्वप्न पाहणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

माती निकस झाली तरी रिकामी झालेली नसते. मातीत सुप्तावस्थेत पडून राहिलेल्या बियांच्या साठ्याला बीजपेढी म्हणतात, आणि या पेढीतील खातेदार किती असतात याचा अंदाज चार्ल्स डार्विनने फार घरगुती पद्धतीने घेतला होता. त्याने एका लहानशा तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल आणून, सहा महिने आपल्या अभ्यासिकेत झाकून ठेवला आणि उगवलेले प्रत्येक रोप मोजून उपटले. न्याहारीच्या एका कपात मावणाऱ्या त्या चिखलातून ५३७ रोपे निघाली. अशा घरात अभ्यासिका झाडण्याचे काम कोणाकडे होते याची माहिती विज्ञानाच्या इतिहासात दिलेली नाही. बियांच्या चिकाटीची परीक्षा अमेरिकेतील मिशिगनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जेम्स बील यांनी १८७९ साली सुरू केली. त्यांनी वाळूत मिसळलेल्या तणांच्या बियांच्या २० बाटल्या जमिनीत पुरल्या आणि ठरावीक वर्षांनी त्यांतील एकेक बाटली काढण्याची व्यवस्था केली. उजेड लागून बिया भलत्याच वेळी जाग्या होऊ नयेत म्हणून तेथील विद्यापीठाचे प्राध्यापक रात्रीच्या अंधारात, गुप्त नकाशा घेऊन, विद्यापीठाच्याच आवारात फावड्याने खणतात, आणि २०२१ साली काढलेल्या बाटलीतील काही बिया १४२ वर्षांनंतरही रुजल्या. तणांची निष्ठा या कोटीची असते. तेव्हा एका रविवारी खुरपे फिरवून वाफा स्वच्छ झाला असे मानणाऱ्या सभासदाकडे सहानुभूतीने पाहावे.

बीजपेढी बुडवण्याचे जे उपाय आहेत त्यांपैकी उन्हाच्या प्रदेशाला सर्वांत सोयीचा म्हणजे मृदा-सौरीकरण, जे इस्रायलमधील याकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये शास्त्रीय रीतीने मांडले. जमीन भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणायचे आणि कडा मातीने बंद करायच्या. एप्रिल-मे महिन्यांत चार ते सहा आठवडे असे ठेवल्यास वरच्या थरातील पुष्कळशा बिया आणि रोगजंतू उष्णतेने मरतात. प्लास्टिक काळे असावे असा सल्ला सोसायटीतील कोणीतरी देतोच, पण सौरीकरणासाठी पारदर्शकच लागते, कारण ऊन मातीपर्यंत पोचायला हवे. कोकणातील शेतकरी भाताच्या रोपवाटिकेपूर्वी फांद्या आणि पालापाचोळा जाळून जमीन भाजतो, त्यास राब म्हणतात, आणि त्यानेही तण कमी होते; मात्र शहरी संकुलात राब भाजल्यास तणांच्या आधी अग्निशमन दल येते. शिवाय राखेतून पालाश मिळतो, जो येथे नको आहे. लव्हाळा आणि हरळी ही दोन तणे या सर्व उपायांना पुरून उरतात. लव्हाळ्याच्या जमिनीतील गाठी खोल असतात, आणि जगातील सर्वांत वाईट तण हा किताब तणशास्त्रज्ञांनी त्याला देऊन ठेवला आहे. त्याच्याशी शांततेचा करार करणे हाच मार्ग उरतो. बाहेरून आणलेल्या मातीबरोबर गाजर गवत येते. १९५० च्या दशकाच्या मध्यात ते भारतात प्रथम पुण्यात ठळकपणे नजरेस आले, आणि तेव्हापासून त्याने शहर सोडण्याचा विचार केलेला नाही.

गवताला आवर घालण्यासाठी इंग्लंडमध्ये यलो रॅटल ही अर्धपरोपजीवी वनस्पती पेरतात, म्हणजे जी स्वतःही थोडेफार अन्न तयार करते आणि उरलेले गवताच्या मुळांतून चोरते. येथील शेतकऱ्याला हा प्रकार टारफुल्याच्या रूपाने चांगला परिचित आहे, ज्वारीच्या आणि उसाच्या मुळांवर जगणाऱ्या या तणाने त्याच्या डोळ्यांत पाणी आणलेले आहे. तेव्हा पैसे मोजून असली चोर वनस्पती विकत आणण्याची कल्पना त्याला सांगताना वक्त्याने दाराजवळ उभे राहावे.

बियाण्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. बाजारात रानफुले म्हणून मिळणाऱ्या रंगीत पाकिटांत बहुधा कॅलिफोर्निया पॉपी, कॉर्नफ्लॉवर आणि मेक्सिकोहून आलेला पिवळा-नारिंगी कॉसमॉस असतो. ही सगळी कोठे ना कोठे रानफुलेच आहेत, फक्त ते रान दुसरे आहे. आणि कॉसमॉसने तर पाकिटातून बाहेर पडून सह्याद्रीच्या रस्त्यांकडेला स्वतःचेच रान उभारले आहे. स्थानिक बी खासगी जमिनीवरून, मालकाच्या परवानगीने, मूठभरच गोळा करावे. टोपली कारवीचा मोह टाळावा, कारण ती सात वर्षांतून एकदा फुलते आणि गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापन समितीची मुदत पाच वर्षांची असते.

माती एकदा तयार केली म्हणजे झाले, हा समज मात्र कासच्याच अनुभवाने खोटा ठरवला आहे. फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून पठाराभोवती काही काळ तारेचे कुंपण होते, त्यामुळे गावातील गुरांचे चरणेही थांबले. आणि मग गवत माजून फुले झाकोळत असल्याची शंका अभ्यासकांनी व्यक्त केली. पुढे कुंपण काढण्यात आले. गुरे गवत खातात, ते वाढू देत नाहीत आणि खाल्लेले बरेचसे अन्न पोटात घेऊन संध्याकाळी घरी जातात, या तिसऱ्या बाबीचे महत्त्व फार थोड्यांच्या लक्षात येते. संकुलात म्हशी आणण्याचा ठराव पार्किंगच्या प्रश्नावर नामंजूर होणार, हे गृहीत धरल्यास तेच काम विळ्याने करावे लागते. फुलांचे बी गळून गेल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, वाफ्यातील गवत कापायचे आणि त्यातील शेवटची काडीसुद्धा तेथे न कुजू देता बाहेर न्यायची, कारण कुजलेले गवत म्हणजे खतच.

ती काडी जाते कोठे, एवढाच प्रश्न उरतो. पुण्यासारख्या शहरात ओल्या कचऱ्यापासून खत करणाऱ्या संकुलांना महापालिका मिळकतकरात सवलत देत असल्यामुळे खताचा खड्डा असतोच, आणि कापलेले गवत इमानेइतबारे त्या खड्ड्यात पडते. पाचसहा महिन्यांत तेथे उत्तम, भुसभुशीत, काळेशार खत तयार होते, जे फेकून देणे नियमात बसत नाही आणि विकत घ्यायला कोणी येत नाही. समोरच्या बागेतील कुंड्या भरून झाल्यावरही पंधरावीस घमेली शिल्लक राहतात, मान्सून तोंडावर आलेला असतो, आणि माळीकाकांना मागच्या बाजूचा तो मुरमाड, उजाड, भेगाळलेला वाफा पाहवत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या सकाळी त्या वाफ्याचा रंग अचानक गडद झालेला दिसतो, त्याविषयी कोणतीही नोंद इतिवृत्तात आढळत नाही, आणि सप्टेंबरात गवत छातीएवढे झाल्यावर खजिनदार वाफ्याला खत कमी पडले असावे असे मत मांडतात.